न दुखणारा पाय

आधी आम्हाला वाटलं, मशीन बिघडलं.

वहिनीची टीप इतकी सरळ असायची की कापडावर रेघ मारायला पट्टी सापडली नाही, तर दादा म्हणायचा, हिची एखादी शिवण आणा, तीच लावतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो कापड बेतायचा, वहिनी मशीनवर शिवायची आणि काजं, बटणं, हातशिलाई माझ्याकडे. माझं लग्न झालं नाही, त्याची गोष्ट वेगळी. खाली दुकान, वर घर आणि मधे चौदा पायऱ्यांचा अरुंद जिना. त्या वर-खालीतच आम्हा तिघांची एकतीस वर्षं गेली होती.

त्या महिन्यात एका नव्या हॉटेलचं काम आलं होतं. तिथल्या नोकरांसाठी एकशे ऐंशी कोट, राखाडी रंगाचे, कॉलरच्या कडेला बारीक पांढरं पाइपिंग, म्हणजे दोरीसारखा गोट. पाइपिंग शिवताना मशीन टाक्याटाक्यानं चालवावं लागतं. मोटरच्या मशीनचं सगळं पायडलवर असतं. पाय नुसता टेकवला की सावकाश, दाबला की सुसाट. किती दाबायचं हे डोकं ठरवत नाही, तळवा ठरवतो. वहिनी माझ्याशी बोलत, चहाचा घोट घेत, काचेतून रस्त्यावरच्या लोकांच्या कपड्यांना नावं ठेवत कॉलर फिरवायची, आणि तरी एक टाका इकडचा तिकडे होत नसे.

एका मंगळवारी ते मशीन सुटलं. कॉलरच्या वळणावर असताना घर्रकन पळालं आणि टीप पाइपिंग सोडून थेट खांद्यावर गेली. वहिनीनं जीभ चावली, टीप उसवली, परत शिवली. दुपारी पुन्हा तेच. दादानं मशीनवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी पट्टा बघितला, मोटर बघितली, तेल घातलं, स्वतः बसून एका चिंधीवर मुंगीच्या चालीनं टीप मारून दाखवली आणि म्हणाले, मशीनला काही झालेलं नाही. दादानं तरी पट्टा बदलून घेतला.

आठवड्यानं काकांना परत यावं लागलं. या वेळी ते खुर्चीवर बसलेच नाहीत. वहिनीला शिवायला सांगून ते खाली वाकले आणि पायडलकडे बघत राहिले. उठल्यावर हात पुसत पुसत दादाला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, मशीन नका दुरुस्त करू. बाईंचा पाय बघा कसा पडतोय. दगड ठेवावा तसा पडतोय."

दादाला ते लागलं. आपल्या बायकोच्या हाताला, म्हणजे पायाला, कुणी नाव ठेवावं हे त्याला चालणारं नव्हतं. काका गेल्यावर तो बराच वेळ पुटपुटत होता की हल्लीच्या लोकांना काम येत नाही.

दोनच दिवसांनी सुई तुटली. मशीन पळालं, कापडातल्या टाचणीवर सुई आदळली आणि टणकन दोन तुकडे झाले. आमच्याकडे सुईचा नियम कडक. दादा ज्या कारखान्यात काम शिकला तिथला नियम होता की सुई तुटली की दोन्ही तुकडे सापडेपर्यंत दुसरं काम नाही. एखादा तुकडा कोटात राहिला आणि कुणाच्या मानेत घुसला तर? वरचा तुकडा मशीनमध्येच होता. खालचा, नखाएवढा, सापडेना. तुकडा चपलेला चिकटून जाऊ नये म्हणून आम्ही तिघांनी चपला दाराशी काढल्या. दादा लोहचुंबक जमिनीवरून ओढत फिरला. आम्ही दोघींनी मशीनजवळचे तयार चौदा कोट झटकले, बोटांनी इंच इंच चाचपले. संध्याकाळपर्यंत टाचण्या निघाल्या, एक हरवलेलं बटण निघालं, सुई काही निघाली नाही. शेवटी दादानं हात टेकले.

त्यानंतर दहाएक दिवसांनी मी वहिनीला हसले. ते हसणं मला अजून आठवतं. ती मशीनवरून उठून दादाच्या टेबलापर्यंत गेली, कापडाचा गठ्ठा घेऊन परत आली, आणि तिची उजव्या पायाची चप्पल मशीनखालीच राहिली होती. तिला पत्ता नव्हता. मी म्हटलं, "वहिनी, तुझी चप्पल रुसून बसलीय बघ." तिनं खाली पाहिलं. कुणा परक्याच्या पायाकडे बघावं तशी ती स्वतःच्या पायाकडे बघत होती. मग तिनं दादा कुठे आहे ते पाहिलं. तो बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होता. ती मला म्हणाली, वर चल.

वर गेल्यावर तिनं पलंगावर बसून मोजा काढला. हल्ली ती घरातही मोजे घालायची. मी म्हणायचे, थंडी वाजते का गं तुला, तर ती विषय बदलायची. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या गादीवर, जाड पिवळट कातडी होती आणि तिच्या मधोमध पेनाचा ठिपका द्यावा तसा काळा डाग. ती म्हणाली, कुरूप आहे. औषधाच्या दुकानातून कुरूपाच्या पट्ट्या आणून ती ते लावत होती. मी बोटानं हळूच दाबलं. तिनं विचारलं, "दाबलंस का?"

मी तर चांगलं दाबलं होतं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नऊ वर्षांपासून तिला शुगर होती. हे आम्हाला माहीत होतं, तीही गोळ्या घ्यायची, कधी विसरायची. दोन वर्षांपूर्वी पायांना मुंग्या येऊ लागल्या, आडवं पडलं की तळवे जळायचे. ते मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मग गेल्या वर्षी मुंग्या आपोआप थांबल्या. जळजळ थांबली. तिला वाटलं, बरं झालं, गेली ब्याद. ब्याद गेली नव्हती, पाय गेला होता. आता पायाखाली नेहमी कापसाचा थर असल्यासारखं वाटतं, असं ती म्हणाली. पायडल कुठे आहे ते ती आता डोळ्यांनी बघून ठरवायची, आणि पाइपिंग करताना डोळे वर लागतात.

मी म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ. तिनं माझा हात धरला. तिचे वडील ट्रकचालक होते. त्यांनाही शुगर. बुटानं आलेला एक फोड घेऊन ते स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेले आणि सहा आठवड्यांनी कुबड्यांवर परत आले. गुडघ्याखाली काही नव्हतं. तेव्हा वहिनी तेरा वर्षांची होती. वडील त्यानंतर दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिले आणि कुणी काही विचारलं तर म्हणायचे, गेलो नसतो तर पाय असता. तेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात ते पक्कं बसलं. डॉक्टर पाय कापतात. जे जात नाहीत त्यांचे पाय राहतात.

"दुखत नाही ना, मग कशाला?" ती म्हणाली. "दुखलं तर मी स्वतः सांगेन. तोवर तू दादाला काही बोलायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला."

आणि मी गप्प बसले. अकरा दिवस.

खरं सांगायचं तर त्या अकरा दिवसांत मला शपथेची आठवण रोज येत नव्हती. साठ कोट राहिले होते. रोज सकाळी मी मनाशी म्हणायचे, आज बोलू. मग काजांचा ढीग समोर यायचा आणि संध्याकाळ व्हायची. वहिनी नीट चालत होती, नीट जेवत होती. जिना थोडा सावकाश चढायची एवढंच. एकदा तिला थंडी वाजून आली, अंगात कणकण होती, ती म्हणाली हवा बदलली. मीही म्हटलं, हो, हवा बदलली.

मग कोटांवर डाग पडायला लागले. अस्तराचं कापड फिकट होतं, शिवताना ते मशीनखाली तिच्या पायांशी लोळायचं. तीन कोटांच्या अस्तरावर रुपयाएवढे तांबूस डाग दिसले. दादा म्हणाला, तेल गळतंय, बोलवा त्या काकांना, मागच्या वेळी सगळीकडे तेल ओतून गेले. डाग काढायचं काम माझं. मी अस्तर घेऊन मागच्या मोरीवर गेले, साबण लावला. तेलाचा डाग पाण्यात असा सुटत नाही. हा सुटला. आणि त्याला वास होता.

मी ओले हात तसेच घेऊन दुकानात आले, मशीनसमोर खाली बसले आणि वहिनीचा पाय पायडलवरून उचलला. तिनं सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण मी मोजा ओढून काढला. मोजा तळव्याला चिकटला होता. अंगठा वांग्यासारखा सुजून जांभळा झाला होता, लाली पायाच्या वरच्या बाजूपर्यंत चढली होती, आणि हाताला पाय इस्त्रीजवळच्या टेबलासारखा गरम लागत होता. ठिपक्याच्या जागी आता भोक होतं. दादा कात्री हातात घेऊन उभा होता. एकतीस वर्षं संसार केला, पण मला नाही वाटत त्यानं त्याआधी कधी तिचा तळवा पाहिला असेल.

मी सगळं सांगून टाकलं. चप्पल, मुंग्या, कुरूपाच्या पट्ट्या, शपथ. वहिनी माझ्याकडे बघतही नव्हती. दादानं कात्री खाली ठेवली आणि तिला विचारलं, "खूप दुखतंय का गं?"

"मुळीच नाही," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते.

दादाचा चेहरा मोकळा झाला. तो मोकळा होताना मी पाहिला. तो म्हणाला, दुखत नाही म्हणजे फार आत नसणार. शनिवारी कोट द्यायचे आहेत, तीन दिवसांचा प्रश्न. तोवर तिनं पाय वर करून बसावं, मशीन तो चालवेल, रविवारी सकाळी सगळ्यात आधी डॉक्टर. वहिनीनं मान हलवली. दोघांचं एकमत झालं, आणि ते एकमत इतकं पटकन झालं की मला भीती वाटली.

मी भाजी आणते म्हणून निघाले आणि आमच्या घरच्या डॉक्टरांकडे गेले. ते वयस्कर, बोलायला सावकाश. मी बोलत असताना ते लिहीत होते. मधेच त्यांनी पेन ठेवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, तिला दुखतंय का? मी म्हटलं, नाही. त्यांनी लगेच दुकानात फोन लावला. दादानं उचलला असणार, कारण डॉक्टर म्हणाले, "मास्तर, दुखत असतं तर मी म्हटलं असतं, उद्या आणा. दुखत नाही म्हणून आत्ता आणायचं. माझ्याकडे नाही, मी चिठ्ठी देतोय तिकडे."

चिठ्ठी पायांच्या डॉक्टरांसाठी होती. नुसते पाय बघणारे डॉक्टर असतात, त्यांना पोडियाट्रिस्ट म्हणतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दातांचे असतात, डोळ्यांचे असतात. पण पायांसाठी वेगळं शिकून कुणी बसलं असेल असं मनातही आलं नव्हतं.

दादानं दुकान बंद केलं. भर दुपारी, हातात काम असताना त्यानं शटर ओढलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. टॅक्सीत वहिनी मधे बसली होती, आणि तिनं सबंध रस्ता माझ्या बाजूचा खांदा आखडून धरला होता.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत चार-पाच जण होते आणि सगळे पुढे पाय करून बसले होते. एक कॉलेजातली मुलगी होती, दोन महिन्यांपूर्वी घोटा मुरगळला तो अजून सुजलेला. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं नख मांसात वाढलं होतं. एक टपालवाला होता, त्याला सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं, चार पावलं चाललं की बरं. तो आम्हाला म्हणाला, सहा महिने मी बूटच बदलत बसलो, तीन जोड झाले, मग बायको म्हणाली आता टाच बदला नाहीतर डॉक्टर गाठा. वहिनी त्याच्याकडे बघून हसली. पायाचं दुखणं असलेल्या माणसाकडे तिनं हेव्यानं बघावं असं तिच्या नजरेत काहीतरी होतं.

चिठ्ठी वाचून तिथल्या बाईंनी आम्हाला सगळ्यांच्या आधी आत घेतलं.

डॉक्टर तरुण होत्या. त्या एका बुटक्या स्टुलावर बसल्या आणि वहिनीला उंच खुर्चीवर बसवलं, त्यामुळे त्यांना वर बघूनच बोलावं लागत होतं. त्यांनी आधी एक छोटं यंत्र पायावर ठेवलं. त्यातून फुस्स फुस्स असा आवाज यायला लागला. त्या म्हणाल्या, हे तुमच्या पायातलं रक्त वाहतंय, आवाज चांगला आहे, ही आजची पहिली चांगली गोष्ट. मग त्यांनी एक दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा जाड धागा होता, हातशिलाईला आम्ही कधी कधी वापरतो तसाच.

"काकू, डोळे मिटा. धागा लागला की हो म्हणा."

त्यांनी धागा उजव्या तळव्यावर टेकवला. तो वाकेपर्यंत टेकवला. वहिनी डोळे मिटून वाट बघत होती. दुसरीकडे टेकवला. टाचेवर, बोटांच्या खाली, अंगठ्यावर. वहिनी गप्प. मग डॉक्टरांनी धागा खाली घेतला आणि त्या काहीतरी लिहायला लागल्या, आणि नेमकी तेव्हा वहिनी म्हणाली, "हो."

दादानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"हो," ती परत म्हणाली. "आता लागलं." तिनं एका हातानं खुर्चीची कड घट्ट धरली होती. शाळेत उत्तर येत नसलेली मुलगी अंदाजानं बोलते तशी ती बोलत होती, आणि डॉक्टर लिहायच्या थांबून तिच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी तिच्या पोटरीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "उघडा डोळे, काकू. हे कळतंय ना? इथून वर कळतंय."

डाव्या पायाची दहापैकी सात ठिकाणं वहिनीला कळली. उजव्याचं एकही नाही.

एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो पडद्यावर लावला आणि आम्हाला जवळ बोलावलं. अंगठ्याच्या मुळाशी, दोन हाडांच्या सांध्याला टेकून, एक बारीक पांढरी रेघ होती. इतकी सरळ आणि इतकी ठसठशीत की ती हाडामांसाची असूच शकत नव्हती. डॉक्टर काही बोलायच्या आधी दादाच म्हणाला, "ती सुई आहे." त्यानं त्या रेघेवर बोट ठेवलं. "ती आमची सुई आहे."

ज्या दुपारी आम्ही चौदा कोट चाचपत होतो, त्या दुपारी सुई वहिनीच्या पायात होती. चपला काढून शोधताना वहिनीचाच पाय सुईवर पडला असणार, पूर्ण वजन देऊन, आणि तिला कळलं नव्हतं. त्यानंतर तीन आठवडे रोज आठ तास तिनं त्या पायानं पायडल दाबलं होतं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं असं मला वाटत होतं. त्यांनी फक्त विचारलं, कधी काय दिसलं, आणि सगळं लिहून घेतलं. कुरूपाच्या पट्टीचं ऐकून त्या म्हणाल्या, ते औषध कुरूप खातं तशी चांगली कातडीही खातं. शुगर असलेल्यानं ते लावायचंच नाही, कुरूप असलं तरी इकडे यायचं. मुंग्या आल्या तेव्हा यायचं होतं. मुंग्या थांबल्या तेव्हा तर धावत यायचं होतं. पायातून चप्पल निसटली आणि कळलं नाही, तेव्हा दुसऱ्या दिवसाचीही वाट बघायची नव्हती. त्या हे दादाला सांगत होत्या, पण प्रत्येक वाक्याला मीच खाली बघत होते.

मग मीच विचारलं, चप्पल निसटली त्या दिवशी आलो असतो तर काय झालं असतं. त्यांनी एक्स-रेकडे पुन्हा पाहिलं. म्हणाल्या, हाडापर्यंत गेलं नसतं बहुतेक. सुई काढून, साफ करून पट्टी बांधली असती. पण अगदी खात्रीनं सांगता येत नाही. ते शेवटचं वाक्य त्यांनी माझ्यासाठी जोडलं होतं हे मला कळलं.

वहिनीनं एकच गोष्ट विचारली. "पाय कापणार ना?"

"पाय वाचवायला मी बसलेय," डॉक्टर म्हणाल्या. "अंगठ्याचं मी वचन देत नाही. पायासाठी मी भांडेन."

वहिनीला तिथूनच मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. दुसऱ्या दिवशी सुई काढली. चौथ्या दिवशी अंगठा आणि त्यामागचं थोडं हाड काढावं लागलं, कारण हाड आतून पोखरलं होतं. लाली आणखी वर चढते का, हे बघत आम्ही पुढचे आठ दिवस काढले. नर्सनं लालीच्या कडेनं पेनानं रेघ मारली होती. दादा रोज तासातासाला त्या रेघेकडे बघायचा, कापडावरच्या खुणेकडे बघावं तसा, डोळे बारीक करून. नवव्या दिवशी लाली रेघेच्या आत सरकली. तो बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसला आणि खूप वेळ आत आला नाही.

हॉटेलचे उरलेले कोट दुसऱ्या शिंप्याकडे गेले. त्याबद्दल आमच्यात कुणी कधी बोललं नाही.

वहिनी माझ्याशी बोलायची ती कामापुरतं. पाणी दे, उशी सरकव. घरी आल्यावर चार महिने तिला पायावर वजन द्यायची मनाई होती. गुडघ्यापर्यंतचा एक जड बूट होता, आणि जिना ती बसून, एकेक पायरी मागे सरकत चढायची. मी खालून तिचा पाय धरायचे. रोज सकाळी दादा आरसा घेऊन तिच्या पायांशी बसायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तळवे रोज बघायचे, बोटांच्या बेचक्या बघायच्या, लाली, फोड, भेग, गरम लागतंय का. दादा मास्तर माणूस, त्यानं मापाच्या वहीत दोन्ही पावलांचं चित्र काढून ठेवलं होतं आणि काही दिसलं की तिथे खूण करायचा. ती वैतागायची, म्हणायची, मला काय गिऱ्हाईक समजलास का. पण पाय मागे घ्यायची नाही.

पाचव्या महिन्यात ती दुकानात आली. पायात डॉक्टरांनी सांगून बनवून घेतलेले बूट, उजव्यात अंगठ्याच्या जागी भराव. ती मशीनसमोर बसली. उजवा पाय पायडलवर ठेवायला मनाई होती, म्हणून दादानं पायडल डावीकडे सरकवून घेतलं होतं. तिनं चिंधीवर टीप मारली. वाकडी आली. दुसरी मारली, तीही वाकडी. दादा लगबगीनं म्हणाला, सवय होईल, मलाही जमत नव्हतं. तिनं चिंधी घडी करून बाजूला ठेवली आणि त्याला म्हणाली, दूध संपलंय, आणून दे. त्याला बाहेर पाठवायचं होतं हे त्यालाही कळलं असावं, कारण दूध भरपूर होतं.

तो गेल्यावर आम्ही दोघीच राहिलो. मी काज करत होते. मग मी म्हटलं, "वहिनी, मी शपथ मोडली म्हणून तू रागावलीस ना?"

ती काचेतून रस्त्याकडे बघत होती. "मोडलीस म्हणून नाही," ती म्हणाली. "पाळलीस म्हणून."

मी सुई कापडात टोचून ठेवली. मी म्हटलं, तूच घातली होतीस. तुझ्या वडिलांचं सांगितलंस, मी काय करणार होते?

"मी घाबरले होते. घाबरलेलं माणूस काहीही बोलतं. तू घाबरली नव्हतीस." ती हे शांतपणे म्हणाली, हिशोब नीट लागावा म्हणून म्हणतात तसं. "मी शपथ घातली नसती तरी तू लगेच बोलली नसतीस. साठ कोट राहिले होते. मलाही ते हवं होतं, तुलाही, त्यालाही. तिघांनाही पाय दिसत होता आणि तिघं कोट बघत होतो."

मला तिला खोटं पाडायचं होतं. मी तोंड उघडलं, आणि मला ती संध्याकाळ आठवली, थंडी वाजून आली तेव्हाची, मी हवा बदलली म्हटलं तेव्हाची. मी तिच्या कपाळाला हात लावला होता. कपाळ तापलं होतं. हात लावून मी काजाकडे परत गेले होते.

"खरंय," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. रडायला कुणालाच आलं नाही. थोड्या वेळानं तिनं खाली वाकून डावा बूट काढला, मोजा काढला, आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला. ती म्हणाली, करंगळीच्या बाजूला आज सकाळी दादाला काही दिसलं नाही, पण त्याचा चष्मा जुना झालाय. तू बघ. मी पाय उजेडाकडे वळवला. करंगळीच्या कडेला मुगाच्या दाण्याएवढी लाली होती, नवीन बुटाच्या शिवणीनं घासल्यासारखी. मी दाबलं.

"कळलं का?"

या वेळी तिनं अंदाजानं उत्तर दिलं नाही. "नाही," ती म्हणाली.

मी काजाचा कोट बाजूला ठेवला, उठले आणि पायांच्या डॉक्टरांना फोन लावला. दवाखाना अजून उघडा होता. तिकडच्या बाईंनी विचारलं, दुखतंय का. मी म्हटलं, नाही, म्हणूनच येतोय. तोवर वहिनीनं मोजा चढवला होता आणि ती शटरची किल्ली शोधत होती.